तान्ह्या बाळाचं दुखणं: घरी थांबायचं कधी आणि धावायचं कधी

साडेचार महिन्यांच्या मुलीच्या आईचा प्रश्न आहे. बाळाला कधी सर्दी, कधी ताप, कधी पातळ शी, संध्याकाळी न थांबणारं रडणं, असं सतत काहीतरी चालू असतं. यातलं घरी काय बरं होतं, कशासाठी लगेच न्यायचं आणि घरात कोणती औषधं ठेवायची? शेवटी त्यांनी लिहिलंय, "प्रत्येक वेळी धावत गेलं की उगाच आल्यासारखं वाटतं, आणि नाही गेलं की रात्रभर डोळा लागत नाही."

बालरोगतज्ज्ञ म्हणून २७ वर्षं काम करताना हे वाक्य मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय, की उत्तर सविस्तरच लिहितो. आधी एवढं सांगतो: शंका आली म्हणून बाळाला घेऊन आलेली आई कधीच उगाच आलेली नसते. "आज हिचं काहीतरी वेगळं वाटतंय" असं आई म्हणाली, तर तपासणीत काही हाती लागलं नाही तरी मी त्या बाळाला दोन-तीन तास नजरेखाली ठेवतो. आई चोवीस तास बघत असते, मी दहा मिनिटं बघतो.

आता मुद्द्याचं. घरी बसून आजाराचं नाव शोधू नका. ते आमचं काम आहे, आणि आम्हालाही पहिल्या दिवशी ते नेहमी सापडतं असं नाही. तुम्ही चार गोष्टी बघा: पिणं, श्वास, शू आणि जाग. ताप किती चढला, शी कितव्यांदा झाली, यापेक्षा या चार गोष्टी जास्त खरं सांगतात.

बाळ नेहमीच्या निम्म्याहून कमी पितंय, किंवा स्तनाला लावल्यावर दोनदा चोखून सोडून देतंय, तर ते आजारी आहे, मग ताप असो वा नसो. जन्मानंतर पाच-सहा दिवस झाले की बाळाने चोवीस तासांत किमान सहा वेळा तरी चांगली शू करावी. आठ तास लंगोट कोरडा राहिला तर शरीरात पाणी कमी पडतंय. जाग म्हणजे नुसते डोळे उघडे असणं नव्हे. कुशीत घेतल्यावर तुमच्याकडे बघतंय का, आवाजाकडे वळतंय का, दुधाच्या वेळेला स्वतःहून उठतंय का? उठवूनही धड जागं होत नाही, हातपाय सैल पडलेत, रडणं क्षीण झालंय किंवा एकदम कर्कश झालंय, असं दिसलं तर वाट बघायची नाही. श्वासाबद्दल पुढे वेगळं लिहितो, कारण तिथेच सर्वांत जास्त गफलत होते.

आणि वय. तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि त्यापुढचं बाळ यांना एकच नियम लावता येत नाही. तीन महिन्यांच्या आत काखेतला ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आला, तर बाळ हसत असलं तरी त्याच दिवशी, त्याच तासाला दाखवायचं. मध्यरात्र असली तरी सकाळची वाट बघायची नाही. या वयात रक्तातला जंतुसंसर्ग किंवा मेंदूच्या आवरणाची सूज सुरुवातीला फक्त तापाच्या रूपात दिसू शकते. पॅरासिटामॉल देऊन ताप उतरतो का बघू, हा प्रयोग तर अजिबात नको, कारण आम्हाला जी खूण बघायची असते तीच त्याने पुसली जाते. एकच करा: बाळ तीन थरांत गुंडाळलेलं असेल तर जादा कपडे काढा, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. तरी ताप असेल तर निघा. उलट, नवजात बाळाचं अंग गार पडणं हेही तापाइतकंच गंभीर आहे. काखेत ३६.५ च्या खाली दिसलं तर बाळाला उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्या आणि पुन्हा मोजा. ऊब देऊनही वर येत नसेल किंवा बाळ मलूल असेल तर रुग्णालयात न्या.

तीन महिन्यांनंतर मात्र तापाचा आकडा जरा मागे ठेवता येतो. ताप हा आजार नाही, शरीर जंतूंशी लढत असल्याची ती खूण आहे. १०२ ताप असलेलं पण दूध पिणारं, खेळणं धरणारं बाळ मला १०० तापातल्या निपचित पडलेल्या बाळापेक्षा बरं वाटतं. औषध द्यायचं ते आकडा खाली आणायला नव्हे, बाळाला बरं वाटावं म्हणून. पॅरासिटामॉलने ताप अंशभर जरी उतरला आणि बाळ प्यायला लागलं, तर त्याचं काम झालं. तो 'नॉर्मल'ला येईपर्यंत डोसामागून डोस देऊ नका. गार पाण्याने, बर्फाने किंवा स्पिरिटने अंग पुसू नका. त्याने बाळ कुडकुडतं आणि आतला ताप उलट वाढतो.

डोसाबद्दल जरा थांबून लिहितो, कारण इथे जीवावर बेतू शकतं. पॅरासिटामॉल वजनावर ठरतं, वयावर नाही: एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत शक्यतो सहा तासांचं अंतर, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नाही. सहा किलोच्या बाळाला १५ च्या हिशोबाने ९० मिलिग्रॅम झाले. आता बाटली बघा. एका सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे ३.६ मिलिलिटर द्यायचं. दुसऱ्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला २५० असतं, तिथे १.८ पुरे. आणि थेंबांच्या छोट्या बाटलीत एका मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅम असतं, तिथे फक्त ०.९. घरात सिरप संपलं म्हणून थेंबांच्या बाटलीतून तेवढंच ३.६ दिलं, तर चौपट डोस गेला. अशी बाळं आमच्याकडे आलेली आहेत, आणि दर वेळी आईवडिलांनी अगदी काळजीपूर्वक मोजूनच दिलेलं होतं, फक्त बाटली वेगळी होती. म्हणून घरात एकाच ताकदीची बाटली ठेवा, चमच्याऐवजी आकडे छापलेली सिरिंज वापरा, आणि दिलेली वेळ कागदावर लिहा. रात्री आईने दिलेलं औषध पहाटे बाबा पुन्हा देतात. सर्दीच्या काही मिश्र औषधांतही पॅरासिटामॉल असतं, तेही बघा. सहा महिन्यांच्या आत आयबुप्रोफेन नको, आणि ॲस्पिरिन तर मुलांना तापासाठी द्यायचंच नाही. त्याने यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा रेज सिंड्रोम होऊ शकतो.

तीन ते सहा महिन्यांत ३९ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे १०२.२ फॅरनहाइटच्या वर ताप गेला तर त्याच दिवशी दाखवा. त्यापुढे, सर्दी-खोकला-जुलाब असं काहीच कारण दिसत नसताना ताप एक दिवसाहून जास्त टिकला, तर लघवी तपासून घ्या. तान्ह्या बाळाला लघवीच्या मार्गाचा संसर्ग झाला तर ते जळजळ सांगू शकत नाही, बहुतेक वेळा फक्त तापतं. पुष्कळदा घसा लाल आहे म्हणून अँटिबायोटिक सुरू होतं आणि मूत्रपिंडातला संसर्ग अर्धवट दबून राहतो. अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी "लघवीची तपासणी करायची का?" हे तुम्ही विचारलंत तर कुठलाही चांगला डॉक्टर रागावणार नाही.

तापात आकडी आली तर? सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात झटके येतात. बघणाऱ्याला वाटतं बाळ गेलंच. तसं नसतं. बाळाला कुशीवर वळवा, तोंडात बोट, चमचा, पाणी काहीही घालू नका, आणि घड्याळ बघा. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत थांबतात. पाच मिनिटं झाली तरी थांबत नसेल, तर ती आणीबाणी आहे. पहिल्यांदाच झटका आला असेल, तर थांबल्यावरही त्याच दिवशी तपासून घ्यायचं. आणि सहा महिन्यांच्या आत तापात आकडी आली तर तिला 'तापाची आकडी' म्हणून सोडून द्यायचं नाही.

आता श्वास. काही वर्षांपूर्वी एक वडील सात महिन्यांच्या मुलाला खांद्यावर घेऊन आले. म्हणाले, "सर्दी आहे, रात्री जरा घोरतोय." बाळ स्वेटरमध्ये छान झाकलेलं. मी स्वेटर वर केला. प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खाली एक खळगा पडत होता, पोट फुगत होतं तेव्हा छातीचा खालचा भाग आत ओढला जात होता, नाकपुड्या फुलत होत्या, आणि श्वासाच्या तालावर मान किंचित हलत होती. एका मिनिटात ६८ श्वास. ते घोरणं नव्हतंच. वडिलांची काही चूक नव्हती. कपड्यावरून हे दिसतच नाही.

म्हणून सर्दी-खोकला असलेल्या बाळाचा श्वास असा मोजा: बाळ शांत किंवा झोपलेलं असताना, दिवा लावून, छाती-पोट उघडं करून, पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. नवजात बाळ तर मध्येच पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा भराभर घेतं, तेही नेहमीचंच आहे. पण थांबणं वीस सेकंदांपर्यंत गेलं किंवा ओठ निळे-काळपट पडले, तर लगेच निघा. जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेली मोजणी लक्षात ठेवायला सोपी आहे: दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ प्रत्येक श्वासाला कण्हत असेल, तर मोजत बसू नका. शक्य असेल तर मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मात्र घ्या. दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ रडायला लागतं आणि मग काहीच नीट दिसत नाही. त्या व्हिडिओवरून मी अनेकदा निर्णय घेतलाय.

साधी सर्दी मात्र साधीच असते. पहिल्या वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं हे प्रतिकारशक्ती कमी असल्याचं लक्षण नाही. घरात मोठं भावंड शाळेत जात असेल तर आकडा आणखी वाढतो. बाळाची सर्दी आपल्याला मोठी वाटते, कारण ते नाकानेच श्वास घेतं आणि पिताना तोंड बंद असतं. नाक चोंदलं की भूक असूनही पिता येत नाही. यावर उपाय नाकात: दूध पाजण्याआधी दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब सलाइन, मिनिटभराने बाहेर आलेला शेंबूड पुसून घ्यायचा किंवा हळूच ओढून घ्यायचा. दूध थोडं थोडं, पण जास्त वेळा. खोकल्याची आणि सर्दीची सिरपं चार वर्षांच्या आत देऊच नयेत या मताचा मी आहे. त्यांनी फायदा होत नाही, झोपाळूपणा आणि हृदयाचे ठोके वाढणं मात्र होतं. खोकला ही छातीतला चिकटा बाहेर टाकायची सोय आहे. आणि घशाला बरं वाटावं म्हणून एक वर्षाच्या आत मध चाटवू नका. त्यातल्या सूक्ष्म बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो, ज्यात स्नायू लुळे पडतात.

सर्दीने सुरू होऊन तिसऱ्या ते पाचव्या दिवशी धाप लागणं, छातीतून शिट्टीसारखा आवाज येणं, याला आम्ही ब्रॉन्किओलायटिस म्हणतो. बहुतेक वेळा तो आरएसव्ही नावाच्या विषाणूने होतो. अँटिबायोटिकचा यात उपयोग नाही आणि वाफारा यंत्राचाही बहुतेक बाळांना होत नाही. लागतं ते पुरेसं दूध, मोकळं नाक आणि गरज पडली तर ऑक्सिजन. दुसऱ्या दिवशी बाळ ठीक दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, तिसरा-चौथा दिवस जाऊ द्या. मोठ्या माणसाला नुसता खोकला वाटणारा डांग्या खोकला तान्ह्या बाळात वेगळाच दिसतो: खोकल्याची उबळ येते, बाळ निळं पडतं, कधी खोकल्याऐवजी श्वासच थांबतो. असा एक जरी प्रकार झाला तरी रुग्णालयात न्यायचं.

पोटाकडे वळतो. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पातळ, पिवळी, कण असलेली असते आणि दिवसाला आठ-दहा वेळा होऊ शकते. ते जुलाब नव्हेत. दीड महिन्यानंतर हेच बाळ चार-सहा दिवसांतून एकदा शी करू लागतं, आणि शी मऊ असेल, पोट मऊ असेल, तर तो बद्धकोष्ठही नव्हे. नेहमीपेक्षा एकदम जास्त वेळा आणि पाण्यासारखी होऊ लागली, तर जुलाब समजा. तेव्हा जंतू मारण्यापेक्षा गेलेलं पाणी आणि क्षार परत देणं जास्त महत्त्वाचं असतं. १९७१ साली बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत कॉलऱ्याची साथ आली, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिलं. छावणीतला मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आला. आजची जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, त्याच तत्त्वावर चालते: आतड्यात ग्लुकोज शोषलं जाताना सोडियमला आणि त्याच्यामागे पाण्याला ओढून नेतं. म्हणून प्रमाण बिघडलं की सगळं बिघडतं. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच, पूर्णच्या पूर्ण. "बाळ एवढं कुठे पितं" म्हणून अंदाजाने चिमूटभर पूड कपात टाकली तर ते पाणी दाट होतं, रक्तातलं सोडियम चढतं आणि बाळाला झटके येऊ शकतात. उरलेलं चोवीस तासांनी टाकून द्या, ते टाकताना हळहळू नका.

प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर, वाटी-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग दर एक-दोन मिनिटांनी एकच चमचा द्या. ही गती फार मंद वाटते, पण तासाभरात पुष्कळ पाणी पोटात राहतं. बाटलीने एकदम पाजलेलं सगळं बाहेर येतं. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. सोबत झिंक: सहा महिन्यांच्या आत रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे २०, जुलाब थांबले तरी १० ते १४ दिवस. जुलाब थांबवणारी गोळी बाळाला कधीच नाही. त्याने शी थांबते, आजार थांबत नाही, आणि आतडं लुळं पडू शकतं. टाळू खोल गेली, डोळे आत गेले, रडताना अश्रू नाहीत, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर हळू परत जाते, शीमध्ये रक्त आहे: यापैकी काहीही दिसलं तर ओआरएस पाजत पाजतच निघा.

दूध पिऊन झाल्यावर गुळणी येणं वेगळं. बाळ हसतंय, वजन वाढतंय, तर ते कपडे धुण्याचं काम आहे, औषधाचं नाही. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते सर्वांत जास्त असतं आणि वर्ष-दीड वर्षात थांबतं. पण तीन उलट्या विसरू नका. हिरवी उलटी, मग ती एकदाच का असेना, म्हणजे आतड्याला पीळ पडल्याची शक्यता. तिथे तास मोजले जातात. दोन ते आठ आठवड्यांच्या बाळाची प्रत्येक दुधानंतर कारंज्यासारखी दूर उडणारी उलटी, आणि लगेच पुन्हा भूक, म्हणजे जठराचं तोंड जाड झालेलं असू शकतं. छोट्या शस्त्रक्रियेने ते पूर्ण बरं होतं. आणि पाच-नऊ महिन्यांचं बाळ दर पंधरा-वीस मिनिटांनी पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, मधल्या वेळात पांढरंफटक आणि गप्प पडतं, उलट्या होतात, तेव्हा आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. लाल जेलीसारखी शी उशिरा दिसते, तिची वाट बघू नका.

नवजात काविळीबद्दल दोन गोष्टी सांगायच्याच आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होऊन पाचव्या दिवसापर्यंत वाढणारी आणि दोन आठवड्यांत ओसरणारी कावीळ बहुतेक बाळांना होते. पहिल्या चोवीस तासांतच पिवळेपणा दिसला, किंवा तो तळहात-तळपायांपर्यंत उतरला, किंवा बाळ पिईना, तर रक्त तपासायलाच हवं, कारण बिलिरुबिन, म्हणजे काविळीतलं पिवळं द्रव्य, फार वाढलं तर मेंदूला कायमची इजा होते. कोवळ्या उन्हात ठेवायचं का, असं प्रत्येक घरात विचारतात. त्याला एक आधार आहे. १९५६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या रॉचफर्ड रुग्णालयातल्या जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर बाळांना अंगणात ऊन दाखवत असत. एका बाळाचं अंग फिकट झालं होतं, पण चादरीचा कोपरा जिथे आला होता तेवढा त्रिकोण गर्द पिवळा राहिला होता. त्या निरीक्षणातूनच १९५८ मध्ये दिव्यांचा उपचार निघाला. पण आज आपण निळा प्रकाश मोजून देतो. उन्हात तो मोजता येत नाही, बाळ गारठतं किंवा भाजतं, आणि मुख्य म्हणजे 'ऊन देतोय ना' म्हणून तपासणी लांबते.

दुसरी गोष्ट पांढऱ्या शीची. दोन आठवड्यांनंतरही डोळे पिवळे आहेत, शी खडूसारखी किंवा फिक्या मातकट रंगाची आहे, शू गडद पिवळी होऊन लंगोटाला डाग पडतो, तर पित्तनलिका बंद असू शकते. यावरची कासाई शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता सर्वांत चांगली असते, नंतर ती घसरत जाते. तैवानने २००४ पासून प्रत्येक बाळाच्या आईला शीच्या रंगांचं छापील कार्ड द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून तिथे ही बाळं लवकर सापडू लागली. मी अशी बाळं शंभराव्या दिवशी पाहिली आहेत. गुटगुटीत, हसरी, आणि सगळ्यांनी "जाईल हळूहळू" म्हणून घरी पाठवलेली. म्हणून पहिले दोन महिने शीचा रंग रोज उजेडात बघा.

रडण्याबद्दल लिहायचं तर एक पाय आठवतो. तीन महिन्यांची मुलगी, सारी रात्र रडलेली, पोटदुखीचे थेंब तीनदा देऊन झालेले. पोट मऊ, कान ठीक, ताप नाही. शेवटी मी मोजे काढले. डाव्या पायाचं तिसरं बोट जांभळट, टुमटुमीत सुजलेलं, आणि मुळाशी एक बारीक खाच. भिंगातून बघितल्यावर खाचेत रुतलेला केस दिसला. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आईचे केस खूप गळतात. त्यातलाच एक मोज्यात जाऊन बोटाला गुंडाळला होता. केस कापला, आणि वीस मिनिटांत मुलगी झोपली. तेव्हापासून समजूत न पटणाऱ्या प्रत्येक बाळाला मी पूर्ण उघडं करून बघतो: हातापायाची सगळी बोटं, मुलगा असेल तर शिश्न, दोन्ही जांघा (हर्नियाचा घट्ट फुगवटा तिथे सापडतो), डोळे, हिरड्या. तुम्हीही तसंच करा.

हे सगळं ठीक असूनही रोज ठरावीक वेळी, बहुधा संध्याकाळी, तासन् तास रडणं म्हणजे कॉलिक. ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्या आठवड्यात कळसाला जातं आणि तीन-चार महिन्यांत थांबतं. गॅसच्या थेंबांनी ते थांबत नाही. चाचण्यांत ते थेंब आणि औषध नसलेले थेंब सारखेच ठरलेत. छातीशी धरून चालणं, मंद एकसुरी आवाज, अंधारी खोली, एवढंच थोडं उपयोगी पडतं. आणि ज्या क्षणी तुमचा संयम सुटतोय असं वाटेल, त्या क्षणी बाळाला पाळण्यात उताणं ठेवा, दार लोटा आणि दहा मिनिटं बाहेर जा. रडण्याने बाळाला काही होत नाही. गदागदा हलवल्याने मात्र मेंदूत रक्तस्राव होतो. थकलेल्या, चांगल्या आईबापांकडून हे घडतं, म्हणून स्पष्ट लिहितोय.

त्वचेच्या तक्रारी संख्येने सर्वांत जास्त आणि काळजीच्या सर्वांत कमी. लंगोटाची लाली घड्या सोडून फुगीर भागावर असेल तर ती ओलाव्याची: भाग उघडा ठेवा, झिंक ऑक्साइडचा जाड थर लावा. घड्यांच्या आत गर्द लाल आणि कडेने सुटे लाल ठिपके असतील तर ती बुरशी. तिला क्लोट्रिमॅझोल लागतं. स्टेरॉइड मिसळलेली तीन-चार औषधांची क्रीम तिथे कधीच लावू नका. टाळूवरचा पिवळा खपला तेल लावून मऊ करून हलक्या ब्रशने निघतो. पण त्वचेवर लाल-जांभळे ठिपके आहेत, आणि पारदर्शक ग्लासाचा तळ दाबूनही ते फिके होत नाहीत, शिवाय ताप आहे, तर ही अंगावर उठलेली साधी पुरळ समजू नका. लगेच निघा. नाळ कोरडी ठेवणं एवढीच तिची निगा; बेंबीभोवतीची कातडी लाल होऊन ती लाली पसरत असेल तर बाळाला दाखवा.

दात येण्यावर ताप आणि जुलाब ढकलू नका. दात येताना लाळ, चिडचिड, हिरड्यांची सूज, फार तर किंचित कोमट अंग. ३८ च्या वरचा ताप दाताचा नसतो. हिरडी बधिर करणारी जेल दोन वर्षांच्या आत नको. अशा काही जेलमधल्या बेंझोकेनने रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटू शकते.

घरात ठेवायचं म्हणाल तर डिजिटल थर्मामीटर, एकाच ताकदीचं पॅरासिटामॉल, आकड्यांची सिरिंज, सलाइनचे थेंब, ओआरएसची पाकिटं आणि झिंक ऑक्साइड. मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक आजच फेकून द्या. निघताना बाळाचं शेवटचं वजन, शेवटचं दूध किती वाजता, शेवटची शू किती वाजता, काय औषध कितीला दिलं, हे लिहिलेला कागद आणि औषधाची बाटली सोबत घ्या. रात्री अडीच वाजता हे तोंडी आठवत नाही.

आता तुमच्या लेकीबद्दल. दोन सर्दींच्या मधल्या दिवसांत ती नीट पीत असेल आणि वजन वाढत असेल, तर सर्दी सतत येण्याची चिंता करू नका. संध्याकाळच्या रडण्याबद्दल मात्र मला एक विचारायचंय: ते पहिल्या महिन्यापासून आहे आणि आता कमी होतंय, की गेल्या पंधरवड्यातच सुरू झालंय? पहिलं असेल तर महिनाभरात ते जाईल. पण साडेचार महिन्यांना नव्याने सुरू झालेल्या रडण्याला कॉलिक म्हणायचं नसतं. तसं असेल तर या आठवड्यातच तिला घेऊन जा, कान, जांघा आणि लघवी तपासून घ्या, आणि जन्मापासूनच्या वजनाच्या नोंदींचं पुस्तक सोबत न्यायला विसरू नका.